एक्क्याऐंशीवं अक्षर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.५०

आजपासून रोजनिशी. नियमित. दिवसाला एक नोंद, मोजकी, मुद्द्याची.

जागा शोधण्यात आठवडा गेला. घरी वहीत लिहावं तर ही वाचते. मागच्या वहीत 'रोज पहाटे उठणे' या संकल्पासमोर तिने पेन्सिलने 'कधीपासून?' असं लिहून ठेवलं होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल ठेवावी तर येणारा जाणारा उघडून बघतो. शेवटी काल सुचलं. रोजनिशी थेट माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात! भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम फॉरट्रान भाषेत आहे, एकतीस वर्षांपूर्वी मीच लिहिलाय, आणि या अख्ख्या बंदर कचेरीत फॉरट्रान वाचू शकणारा माणूस एकच. मेमरीत जिथे होडीवाल्यांसाठीचा रोजचा संदेश राहतो, त्याला अगदी लागून रोजनिशीची जागा केली. प्रोग्रॅम सुरू करायचा, गुप्त शब्द टाइप करायचा, कालची नोंद समोर हजर.

बँकेच्या लॉकरला एवढी सेफ्टी नसेल.

त्याच दिवशी, १२.१५

साहेबांनी बोलावलं होतं. महिनाअखेर मी रिटायर. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर पडलाय, सही बाकी. अट एकच. आजवर भरतीची वेळ मी धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. आता ती चारशे बारा होडीवाल्यांच्या फोनवर जायला हवी. शुक्रवार २८ तारखेला सकाळी सहाला तुमच्या प्रोग्रॅमने विनातक्रार संदेश पाठवला तर लगेच सही करतो, नाहीतर प्रोग्रॅम आणि तुम्ही, दोघेही एकदमच मोकळे व्हा, असं म्हणाले. हसत म्हणाले. साहेबांना फॉरट्रान हे सर्दीचं औषध वाटतं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

पंचवीस दिवस हातात. काम एका दिवसाचं.

मंगळवार, ४ मार्च. ११.३०

संदेश फोनवर पाठवणारा तुकडा C भाषेत आहे. तो लिहिणारी मुलगी पलीकडच्या टेबलावर बसते. वय सत्तावीस. मला काका म्हणते. सर म्हणत नाही.

तिचं म्हणणं, माझ्या संदेशाच्या शेवटी एक शून्य हवं. लिहितो ते शून्य नव्हे, नल कॅरॅक्टर. दिसत नाही, छापलं जात नाही, फक्त 'इथे संपलं' एवढं सांगतं. तिची C म्हणे ते शून्य भेटेपर्यंत वाचतच सुटते. नाही भेटलं तर संदेशाच्या पुढे मेमरीत जे काही पडलं असेल तेही वाचते.

मी म्हटलं, हा दोष कोणाचा? आमच्या फॉरट्रानमध्ये संदेशाला ऐंशी अक्षरांची जागा दिली की दिली. मजकूर तीस अक्षरांचा असला तर उरलेल्या पन्नास जागा कोऱ्या. ऐंशीला संपतं हे सगळ्यांना ठाऊक. भल्या माणसाला थांबा म्हणून सांगावं लागत नाही.

ती म्हणाली, काका, एका ओळीचं काम आहे, मी करून देऊ का? मी म्हटलं, एका ओळीचंच आहे ना, मग राहू दे. उद्या करतो.

तिचं नाव शून्यताई ठेवलंय. फक्त इथे.

बुधवार, ५ मार्च. सकाळी १०

काल जेवताना हिला सांगून टाकलं, मुदतवाढ मिळाली. दोन वर्षं. (मिळाल्यातच जमा आहे. एक ओळ राहिलीये.)

ती नुसतं 'बरं' म्हणाली. आनंद झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत.

शून्याचं उद्या बघतो. आज रोजनिशीच्या अक्षरांची मांडणी सुधारली.

गुरुवार, ६ मार्च. ९.४५

बाल्कनीत गेल्या महिन्यात हिने दुसरी एक खुर्ची आणून ठेवली होती, स्वतःच्या खुर्चीशेजारी. आज सकाळी बघतो तर नाही. विचारलं तर म्हणाली, माळ्यावर टाकली, आता कशाला लागतेय. चांगलं केलं. बाल्कनी मोकळी झाली. कपडे वाळत घालायला जागा.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ३

लावलं शून्य! उगाच बाऊ करत होती पोरगी.

मोठ्या प्रोग्रॅमला आत्ताच हात नको म्हणून चाचणीसाठी छोटा वेगळा प्रोग्रॅम केला. त्यात संदेश हाताने टाइप केला, 'भरती 6.40 पाणी 3', आणि त्याच्या शेवटी शून्य चिकटवलं. दोनच फोनवर पाठवला. साहेबांचा आणि शून्यताईचा.

३.२०

साहेब केबिनमधून धावत आले. साहेबांना धावताना मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. फोनवर आलं होतं, 'पाणी 30'. तीस मीटर म्हणजे कितवा मजला, गच्चीवर जायचं का, असं विचारत होते.

शून्यताई तोंडावर ओढणी धरून बसली होती. मग म्हणाली, काका, हे आकड्यातलं शून्य. ते नव्हे.

मला ठाऊक होतं. घाईत झालं. घाई करायला लावतात आणि मग हसतात.

सोमवार, १० मार्च. ११

शनिवार-रविवार अभ्यास केला. (रविवारी. संध्याकाळी. थोडा.) C वाले नल लिहिताना तिरकी रेघ काढून पुढे शून्य लिहितात. तसंच्या तसं लिहिलं. फॉरट्रानला त्यांच्या खाणाखुणा कळत नाहीत. फॉरट्रान सरळ भाषा. तिने रेघही पाठवली आणि शून्यही पाठवलं.

साहेबांनी विचारलं, हा कोणाच्या घराचा पत्ता आहे का?

बुधवार, १२ मार्च. सकाळी ८.३०

आज फळ्याजवळ पुन्हा लाल टोपीवाला. हा होडीवाल्यांचा पुढारी. अकरा वर्षं रोज एकच तक्रार, तुम्ही भरती चार मिनिटं लवकर दाखवता. अकरा वर्षं मी त्याला एकच उत्तर देतो, तुमचं घड्याळ दाखवून घ्या.

माणूस बरोबर आहे. नवा बांध झाला तेव्हापासून पाणी वळसा घालून येतं, चार मिनिटं उशिरा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण एकदा नाही म्हटलं ना! आता कबूल करायचं म्हणजे अकरा वर्षांचं नाक खाली. हे फक्त इथे लिहितोय.

शून्य उद्या. पक्कं.

शुक्रवार, १४ मार्च. ४.१०

आज शून्यताईने माझा जुना प्रोग्रॅम मागितला, नुसता वाचायला. अर्थात दिला नाही. पण तिने भरतीच्या गणितावर जे दोन प्रश्न विचारले ते ऐकून मी चाट पडलो. एकतीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. मुलगी हुशार आहे. फार हुशार. तोंडावर म्हणणार नाही, डोक्यावर बसेल. पण मनातून इतकं बरं वाटलं की चहाला जाताना मी चक्क शि

सोमवार, १७ मार्च. ९.५५

शुक्रवारची नोंद अर्ध्यात तुटली. रोजनिशीला दिलेली जागा भरली होती. जागेपेक्षा जास्त लिहिलं की फॉरट्रान उरलेलं मुकाट्याने कापून टाकतं. ना तक्रार, ना इशारा. (हे लक्षात ठेवणे. महत्त्वाचं.)

जागा दसपट केली. यात सकाळ गेली. शि म्हणजे शिट्टी वाजवत गेलो.

मंगळवार, १८ मार्च. ५.००

अकरा दिवसच राहिले असं शून्यताई म्हणाली. मी म्हटलं, दहा. तिने बोटं मोजली, म्हणाली हो, दहा. हिशेबात मी कोणाला ऐकत नाही.

बुधवार, १९ मार्च. दुपारी २

ऑफिसात सगळे जेवायला गेलेत. एक गोष्ट लिहून टाकतो.

परवा साहेब गमतीने म्हणाले, एवढं काय अडलंय मुदतवाढीवाचून, घरी बसा निवांत. मी हसलो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ऑफिसात मी दिवसभर बोलतो, कारण कोणाला तरी भरतीची वेळ हवी असते. घरी तिला मी काय सांगू? फार तर चार दिवस पुरेल एवढं बोलणं आहे माझ्याकडे. पाचव्या दिवशी तिला कळेल की या माणसात एवढंच होतं. एकतीस वर्षं मी 'ऑफिसात काम आहे' या आडोशाला उभा आहे.

ती रोज संध्याकाळी एकटीच बांधावर फिरायला जाते. पूर्वी विचारायची, येता का. आता विचारत नाही. म्हणजे तिला सवय झाली. त्यामुळे तसा प्रश्न नाही.

भूक लागली.

शुक्रवार, २१ मार्च. ११.४०

तत्त्वाला धरून पण मोठ्या मनाने माघार घेतली. शून्य लावतो. खरं, अदृश्य, C ला हवं तसं. फॉरट्रानमध्ये ते आणायची सोय आहे, CHAR(0) लिहायचं. मला पहिल्यापासून माहीत होतं.

शून्यताईला सांगितलं तर खूश झाली. म्हणाली, पण काका, आधी TRIM करा हं, मग शून्य. TRIM म्हणजे मजकुरामागच्या कोऱ्या जागा छाटून टाकायच्या आणि मजकूर संपतो तिथेच शून्य चिकटवायचं.

इथे मात्र मी ठाम राहिलो. माझ्या संदेशाला कात्री? ऐंशी म्हणजे ऐंशी. कोऱ्या का होईनात, जागा त्याच्या हक्काच्या आहेत. ऐंशी अक्षरं जशीच्या तशी ठेवली आणि त्यांच्यापुढे एक्क्याऐंशीवं म्हणून शून्य लावलं. तत्त्वही राहिलं, कामही झालं. ऐंशीच्याच जागेत परत ठेवून दिलं. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही.

तिला म्हटलं, झालं. ती म्हणाली, TRIM केलं ना? मी खिडकीतून बाहेर बघितलं.

सोमवार, २४ मार्च. १०.३०

चाचणी यशस्वी!! छोट्या प्रोग्रॅममधून सहा फोनवर पाठवला. सहाही ठिकाणी स्वच्छ. 'भरती 9.15 पाणी 3', पुढे काही नाही. साहेबांनी पाठ थोपटली. शून्यताई म्हणाली, एकदा मोठ्या प्रोग्रॅमवरही चाचणी घेऊ. मी म्हटलं, शितावरून कळतं की नाही, मोठ्यात आणि छोट्यात फरक काय, एक रोज— मग गप्प बसलो. रोजनिशीचं तिला काय करायचंय.

मोठ्या प्रोग्रॅममध्ये तीच ओळ बसवली. एक मिनिटाचं काम. उगाच तीन आठवडे डोक्याला ताप.

गुरुवार, २७ मार्च. ४.३०

उद्या सहाला. यादी पुन्हा तपासली. चारशे बारा होडीवाले, साहेब, शून्यताई. आणि एक नंबर मी गुपचूप घातला, हिचा. बायकोला न सांगता. सकाळी डोळे उघडेल तर फोनवर माझा संदेश! एकतीस वर्षांत तिने माझं काम कधी पाहिलं नाही. उद्या पाहील.

संकल्प: सही झाली की लगेच TRIM शिकून घेणे. (गरज नाही. ज्ञान म्हणून.)

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी ६.०२

गेला! बरोबर सहाला. चारशे पंधरा फोन. पडद्यावर 'पाठवला' असं आलं. साहेब स्वतः हजर, पेढे मागवणार म्हणाले.

६.०४

पडद्यावर 'तुकडा ३ पाठवला' असं काहीतरी येतंय. संदेश एक आहे, तुकडे कसले?

६.०५

तुकडा १९.

त्याच दिवशी, दुपारी १२. (कागदावर)

एकूण एकशे सहा तुकडे गेले.

झालं ते असं. ऐंशीच्या जागेत एक्क्याऐंशीवं अक्षर मावलं नाही. फॉरट्रानने ते मुकाट्याने कापून टाकलं. म्हणजे शून्य गेलंच नाही. C ने ऐंशी अक्षरं वाचली, शून्य भेटलं नाही, मग तिने पुढचं वाचायला घेतलं. पुढे रोजनिशी. ३ मार्चपासून कालपर्यंत सगळी. रोजनिशी संपल्यावर पुढची मेमरी कधी कोणी वापरलेलीच नव्हती, तिथे आपोआप शून्य पडलेलं, तिथे थांबली. छोट्या प्रोग्रॅममध्ये संदेशापुढेच असली न वापरलेली जागा होती, म्हणून चाचणी स्वच्छ.

हे शून्यताईने पन्नास सेकंदांत शोधलं. स्वतःच्या फोनवर १७ मार्चची नोंद उघडून 'हे लक्षात ठेवणे. महत्त्वाचं.' यावर बोट ठेवलं. मग थोडं वर सरकवून १४ मार्चवर आली, आणि थँक यू सर म्हणाली. सर म्हणाली! मला कुठे बघावं कळेना.

धक्क्यावर लाल टोपीवाला उलट्या टोपलीवर उभा राहून मोठ्याने वाचत होता. बाकीचे धक्क्यावर अक्षरशः लोळत होते. १२ मार्चची नोंद आली तेव्हा तो थांबला. टोपी काढली. मला वाटलं, आता मारतो. त्याने येऊन मिठी मारली आणि म्हणाला, अकरा वर्षं माझी बायको मला म्हणते घड्याळ बदला. आज तिला दाखवतो.

वाचण्याच्या नादात एकही होडी सुटली नाही. भरती आली आणि गेली. संदेशात वेळ मात्र बरोबर होती. (चार मिनिटं सोडून.)

साहेबांना मी मुद्दा सांगितला. अट होती विनातक्रार. चारशे बारा जणांपैकी एकाचीही तक्रार नाही, उलट चौघांनी उद्याचं कधी येईल म्हणून विचारलंय. साहेबांनी फोन पुढे केला. 'सर्दीचं औषध' या शब्दांवर अंगठा होता. मुदतवाढीचा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

शून्यताईने ओळ नीट केली. TRIM, मग शून्य. प्रोग्रॅम राहिला. शून्यताई म्हणाली, गणित उत्तम आहे, टाकायचं कशाला, मी सांभाळीन. चार मिनिटंही जोडली. प्रोग्रॅमला मुदतवाढ मिळाली म्हणायची, मला नाही.

हिचा फोन नाही, मेसेज नाही. तिचा नंबर यादीत मीच घातला होता. दुसरं कोणाचं काम नव्हे.

शनिवार, २९ मार्च. सकाळी

काल घरी गेलो. तिने दार उघडलं, चहा दिला. अवाक्षर नाही. मीही मूग गिळून बसलो. तिने वाचलं नसेल. एकशे सहा तुकडे कोण वाचतं? तिला डोळ्यांचा त्रासही आहे.

सोमवार, ३१ मार्च. संध्याकाळी ६.१५

शेवटचा दिवस. निरोप झाला. भाषण करायला उभा राहिलो तर मागून कोणीतरी म्हणालं, शून्य लावायला विसरू नका. सगळे हसले. मीही हसलो. भाषण दोन वाक्यांत संपवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान.

घरी आलो. बाल्कनीत दुसरी खुर्ची.

मी दारातच उभा राहिलो. ही स्वतःच्या खुर्चीत बसली होती, बांधाकडे बघत. म्हणाली, वाचलं मी सगळं, दोनदा. मुदतवाढीची थाप मी पचवली. पण ते चार दिवस पुरेल एवढंच बोलणं वगैरे, ते कुठून काढलंत? मी म्हटलं, ते जरा घाईत लिहिलं. ती म्हणाली, एकतीस वर्षं तुम्ही घरी येऊन न थांबता बोलताय. मला तर वाटत होतं रिटायर झालात की जरा गप्प बसाल. बोलायचं कशाला? या, नुसते बसा. मग फिरायला जाऊ.

बसलो. पाणी चढत होतं. मला वेळ माहीत होती, पण सांगितली नाही.

खुर्ची मात्र डुगडुगते. एका पायाला खिळा हवाय. तिला म्हटलं, एक मिनिटाचं काम आहे, उद्या करतो.

ती म्हणाली, सुताराला सकाळीच सांगून ठेवलंय.